वस्तीत मुलांच्या केसेस हाताळताय? या चुका टाळा

जून-जुलै आला की संस्थांमध्ये नुकतीच एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली मुलंमुली रुजू होतात. तळमळ असते, गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्या भर पावसात तुडवायची तयारी असते. आणि तरी ऑगस्टपर्यंत माझ्या टेबलावर त्याच त्या चुकांचे अहवाल येऊन पडतात. मी मुंबईच्या याच भागात, एम-पूर्व वॉर्डात, बरीच वर्षं मुलांच्या केसेस केल्या, आता नव्या लोकांचे अहवाल तपासते. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नाहीत. दोन मला झोपू देत नाहीत, त्यांच्यावर जास्त बोलणार आहे.

एका भेटीत घराचा निकाल लावणं

बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं, सामाजिक तपासणी (म्हणजे घरची परिस्थिती पाहून अहवाल देणं) १५ दिवसांत पूर्ण करायची असते आणि समितीने चार महिन्यांत अंतिम आदेश द्यावा अशी अपेक्षा असते. समितीच्या सदस्यांनी ते घर पाहिलेलं नसतं. त्यांच्यासमोर मूल असतं, रडणारी आई असते आणि तुमचा कागद असतो. त्या कागदावर मूल घरी जाणार की बालगृहात, हे बऱ्याच अंशी ठरतं.

मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीतली केस सांगते. नऊ वर्षांची मुलगी घरात कोंडलेली असते, असा फोन १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर आला. आमच्याकडची नवीन कार्यकर्ती सकाळी अकराच्या सुमारास गेली. दाराला बाहेरून कुलूप, मुलगी आत. खिडकीच्या जाळीतून तिने मुलीशी दोन वाक्यं बोलून घेतली, ओटा पाहिला आणि अहवाल लिहिला: ‘बालिकेस दिवसभर कोंडून ठेवले जाते. घरात अन्न आढळले नाही. आईचे बालिकेकडे पूर्ण दुर्लक्ष आहे. बालगृहात दाखल करण्याची शिफारस.’

मी विचारलं, किल्ली कोणाकडे असते? तिला माहीत नव्हतं. दिवसभर म्हणजे किती ते किती? माहीत नव्हतं. आई किती वाजता येते? शेजाऱ्यांनी ‘संध्याकाळी’ सांगितलं होतं, म्हणून तिने ‘दिवसभर’ लिहिलं होतं.

रात्री साडेआठला आम्ही दोघी गेलो. आई चेंबूरला चार घरची धुणीभांडी करते. सातला निघते, चारला परतते. नवरा सोडून गेलेला. मुलगी पालिकेच्या शाळेत दुपारच्या पाळीत. किल्ली समोरच्या आजींच्या पदराच्या गाठीला. बारा वाजता आजी कुलूप काढतात, मुलीची वेणी घालतात आणि आपल्या नातवाबरोबर तिला शाळेत सोडतात. पोळीभाजीचा डबा कपाटाच्या वर ठेवलेला असतो, कारण खाली ठेवला तर उंदीर सोडत नाहीत. जाळीतून फक्त ओटा दिसतो, कपाट नाही.

आणि कुलूप का? लिफ्ट बंद, जिन्यातले दिवे गेलेले, वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत पोरं सकाळपासून नशा करत बसलेली. थोड्या महिन्यांपूर्वी त्याच जिन्यात एका मुलीचा हात कोणीतरी धरला होता. आम्ही आईला म्हटलं, शॉर्टसर्किट झालं, गॅस लीक झाला, तर पोर आत अडकेल. ती म्हणाली, “ताई, आग लागली तर कधीतरी लागेल. ती पोरं रोज बसतात.”

कुलूप योग्य होतं असं मी म्हणत नाही. ते बंद व्हायलाच हवं होतं आणि झालंही. मुख्याध्यापकांकडे खेटे घालून मुलीची पाळी सकाळची करून घेतली. तोवर मुलगी आईच्या निघण्याच्या वेळेपासून आजींच्या घरी बसायची. बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला. एकल पालकांच्या मुलांना त्यात मदत मिळते, २०२३ मध्ये ती दरमहा ११०० वरून २२५० रुपये झाली. आईचं एक घर सुटलं तरी भागेल, एवढा आधार त्याने झाला. यातलं काहीही बालगृहाच्या शिफारशीतून निघालं नसतं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्याच्या मूलभूत तत्त्वांतच लिहिलेलं आहे. पण आईने पोटच्या पोरीकडे ‘पूर्ण दुर्लक्ष’ केलंय, असं एकदा कागदावर आलं की मग तत्त्व कोण वाचतो?

त्या कार्यकर्तीने डोळ्यांनी जे पाहिलं त्यात खोटं काही नव्हतं. कुलूप होतं, ओटा रिकामा होता. तिने पाहिलेलं, शेजाऱ्याकडून ऐकलेलं आणि स्वतःला वाटलेलं एकाच दमात एका परिच्छेदात लिहिलं, आणि वाटलेल्याला पाहिल्याचं वजन आलं. आपल्या कामातली ही सगळ्यात महागडी चूक आहे.

माझी सवय साधी आहे. घरभेट झाली की ट्रेन पकडायच्या आधी स्टेशनच्या बाकावर बसते आणि वहीच्या पानावर तीन रकाने पाडते: पाहिलं, ऐकलं, वाटलं. तिसऱ्या रकान्यात स्वतःबद्दलही लिहिते. चप्पल गटारात गेली होती, आई अंगावर ओरडली, मला राग आला. हे लिहायचं, कारण लिहिलं नाही तर तो राग ‘पालक असहकार्य करतात’ असं रूप घेऊन अहवालात शिरतो. दुसऱ्या रकान्यात कोणी सांगितलं, तेही. त्या शेजाऱ्याचं नळावरून या घराशी भांडण आहे का? अहवाल पहिल्या दोन रकान्यांतून लिहायचा. तिसऱ्यातून पुढच्या भेटीचे प्रश्न काढायचे.

आणि भेटी दोन वेगवेगळ्या वेळांच्या. एक तरी रात्रीची किंवा रविवारची. कष्टकरी घरात सकाळी अकराला जाऊन ‘पालक घरी आढळले नाहीत’ लिहिण्यात काहीच अर्थ नाही, ते कामावरच असणार. या देशात समाजकार्याचं रीतसर शिक्षण १९३६ साली सुरू झालं ते आपल्याच मुंबईत, नागपाड्याला, वस्तीतल्या नेबरहूड हाऊस या समाजकेंद्राच्या कामातून. वस्तीची वेळ ती आपली वेळ, हे तेव्हापासून या कामाच्या मुळाशी आहे.

‘मॅडम, केसेस इतक्या आहेत, दुसऱ्या भेटीला वेळ कुठून आणू?’ केसेस जास्त आहेत हे खरंच आहे, त्यासाठी मी वर भांडतेही. पण चुकीच्या आदेशामुळे बालगृहात गेलेलं मूल परत घरी आणायला किती महिने लागतात, आई किती खाडे करते, हे ज्याने एकदा पाहिलं तो दुसऱ्या भेटीचा वेळ काढतो.

मुलाकडून तेच तेच वदवून घेणं

एका शाळेतली मुलगी. शिकवणीवाल्याबद्दल तिने वर्गशिक्षिकेला सांगितलं. बाईंनी तिला मुख्याध्यापिकेकडे नेलं, तिथे पुन्हा सांगायला लावलं. मुख्याध्यापिकांनी एका विश्वस्तांना बोलावलं, पुन्हा. मग समुपदेशक. मग तिसऱ्या दिवशी संस्थेची कार्यकर्ती गेली, वही उघडली आणि म्हणाली, “बाळा, अगदी सुरुवातीपासून सांग.” मुलगी म्हणाली, “काही नाही झालं. मी खोटं बोलले.”

त्या पोरीने प्रत्येक वेळी समोरच्या मोठ्या माणसाचा चेहरा पाहिला होता. प्रत्येक वेळी पुन्हा विचारलं गेलं, म्हणजे आपल्यावर विश्वास नाही, एवढंच तिला कळलं. पोलिसांना कळवेपर्यंत शिकवणीवाला वस्ती सोडून गेला होता.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, तरी लोक अजून ‘आधी खात्री करू, मग कळवू’ म्हणतात. खात्री करणं तुमचं काम नाही. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तरी कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं त्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं. समिती मुलाला सहायक व्यक्ती (तपासात आणि कोर्टात त्याच्या सोबतीला राहणारं माणूस) देऊ शकते, ती मागून घ्या. हे सगळं मुलाला पुन्हा पुन्हा बोलावं लागू नये म्हणूनच आहे.

मूल आपल्याशी बोललं तर मी एवढंच पाहते: आज रात्री ते सुरक्षित आहे का, तो माणूस त्याच घरात किंवा शेजारी राहतो का, दुखतंय का, डॉक्टर लगेच लागेल का. बाकी मूल आपणहून बोललं तर ऐकायचं, अर्धवट वाक्य पूर्ण करून द्यायचं नाही. आणि लिहायचं ते मुलाच्या शब्दांत. ‘काका इकडे हात लावतात’ म्हणालं असेल तर तसंच, हात कुठे दाखवला तेही. अहवालात ते ‘लैंगिक शोषण झाले’ असं शुद्ध करून टाकलं की मुलाची साक्ष तुम्ही पुसली.

याच्याच पोटातली दुसरी चूक: ‘मी कोणाला सांगणार नाही’ हे वचन. ते कायद्याने पाळताच येत नाही आणि मोडलं की मूल पुन्हा कोणाजवळ तोंड उघडत नाही. ‘लवकरच घरी नेते हं’ हेही तसंच. मी म्हणते, “तू सांगितलंस ते बरं केलंस. मला हे काही मोठ्या माणसांना सांगावं लागेल. कोणाला, ते आधी तुला सांगेन.” मुलं हे समजून घेतात. घाई आपल्याला असते, त्यांना गप्प बसून बघायची सवय असते.

बाकीच्या, थोडक्यात

वस्तीत आया ‘डोंगरीत टाकीन’ (म्हणजे डोंगरीच्या बालगृहात) म्हणून पोरांना धाक घालतात, ते समजू शकते. आपल्या माणसाने घातलेला चालणार नाही. उद्या याच पोराला समितीसमोर नेताना तुमच्यावर विश्वास ठेवायला सांगायचं आहे.

आईला मराठी-हिंदी नीट येत नसेल तर तिच्याच मुलाला दुभाषी करू नका. आईचा मार, बापाची दारू त्या पोराने तुम्हाला भाषांतर करून सांगायची का?

मुलाचा फोटो, नाव, घर व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. ‘आपलाच ग्रुप आहे’ ही सबब चालत नाही. ओळख उघड करण्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे शिक्षा आहे.

‘जन्मदाखला नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारला’ असं लिहून केस बंद करू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही. शाळेत जाऊन हे सांगायचं. नाहीच ऐकलं तर लेखी नकार मागायचा. लेखी मागितला की बहुतेक वेळा प्रवेश मिळतो.

बापाशी बोला. दारुडा असो, तापट असो, रात्रपाळीवाला असो. वीस पानांची फाइल आणि त्यात बापाचं एक वाक्य नाही, अशा फाइली मी परत पाठवते.

व्हिडिओ कॉल म्हणजे घरभेट नाही. लॉकडाऊनमध्ये नाइलाज होता, आता ती सोय झाली आहे. कॅमेऱ्यात तेवढंच दिसतं जेवढं समोरचा दाखवतो.

आणि जुन्या अहवालात नाव बदलून नवीन अहवाल करणं. एका मुलाच्या अहवालात ‘वडील मयत’ होतं, वडील समितीच्या दाराबाहेर बाकावर बसलेले होते. ते आत आले तेव्हा त्या फाइलमधल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडाला. या एका शॉर्टकटबद्दल मला दयामाया नाही.

विचार करणं कॉलेजात सोडून येणं

फिल्डवर्कच्या वर्षांत तुम्ही दर आठवड्याला रेकॉर्डिंग, म्हणजे भेटींची सविस्तर नोंद, लिहीत होता, आयसीला (एकेकट्याच्या चर्चेला) सुपरवायझरसमोर बसून ‘तिथे तुला काय वाटलं, तसं का वागलीस’ याची उत्तरं देत होता. नोकरी लागली की पहिल्या महिन्यात ते थांबतं. उरतात रजिस्टर, आकडे आणि महिनाअखेरचा रिपोर्ट. काम करताना स्वतःकडे बघणं हा विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम आहे असा समज आहे. उलट पगार घेऊन, खऱ्या मुलांच्या आयुष्यावर सही करताना त्याची गरज जास्त आहे. आठवड्यातून तासभर, एक केस, दोन-तीन सहकारी. ज्याची केस आहे त्याने ते तीन रकाने वाचायचे, बाकीच्यांनी सल्ले न देता फक्त प्रश्न विचारायचे. बाहेरून हे निवांत बसल्यासारखं दिसेल, दिसू दे.

शेवटची चूक मुलांच्या जिव्हारी लागते. कार्यकर्ता नोकरी सोडतो आणि मुलांना सांगत नाही. हँडओव्हर फाइलचं होतं, मुलाचं होत नाही. नवीन ताई दारात उभी राहते आणि मूल विचारतं, “त्या ताई कुठे गेल्या? मी काय केलं?” नोटीस पिरियडमध्ये प्रत्येक चालू केसच्या घरी नव्या माणसाला बरोबर घेऊन एक भेट करा. मुलाला सांगा की मी जातेय, तुझ्यामुळे नाही, यापुढे ही ताई अमुक वारी येईल. हे दिवस कामाचेच असतात. सुपरवायझर उरलेले रिपोर्ट पूर्ण करा म्हणून अडवायला लागले तर त्यांच्याकडून ते लेखी मागा.