अभिजात साहित्यातील ओळ कशी वाचावी

एखादी ओळ मनात घर करून राहिली, की ती वहीत उतरवण्यापूर्वी ती कोणाच्या तोंडची आहे हे मूळ पुस्तकात पाहावे, कारण पात्राचे मत आणि लेखकाचे मत यांत पुष्कळदा अंतर असते. ‘स्वतःशी प्रामाणिक राहा’ हा शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील उपदेश सुविचार म्हणून सर्रास उद्धृत केला जातो, नाटकात मात्र तो पोलोनियस हा लुडबुड्या दरबारी परदेशी निघालेल्या मुलाला करतो आणि पुढच्याच अंकात त्याच मुलावर पाळत ठेवायला माणूस धाडतो. हे कळल्याने ओळ खोटी ठरत नाही, पण उपदेश करणे सोपे आणि विश्वास टाकणे अवघड, हे तिच्यातून दिसू लागते.

मग ओळीशी थोडा वाद घालावा. सगळी सुखी कुटुंबे सारखीच असतात, असे टॉल्स्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’चे (१८७५–७७) आरंभवाक्य सांगते, त्याच कादंबरीतील लेविन आणि किटी या जोडप्याचा सुखी संसार मात्र, रुसवे आणि मत्सर यांसह, निदान मला तरी त्याला छेद देणारा वाटतो.

नोंदीत ओळीखाली वक्ता, प्रसंग आणि आपली शंका लिहावी. अनुवाद वाचला असल्यास अनुवादकाचे नावही.