जुनी दमदार गाडी पेट्रोल जास्त पितेय? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

टर्बो किंवा सहा सिलिंडरची, वीस-पंचवीस वर्षं वापरलेली गाडी छोट्या हॅचबॅकचं अ‍ॅव्हरेज देणार नाही, आणि तशी अपेक्षा असेल तर पुढचं वाचू नका. तुलना करायची ती तिच्या स्वतःच्याच जुन्या आकड्याशी. आकडा काढायची रीत एकच: टाकी फुल, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, पुढच्या वेळी पुन्हा तसंच, आणि किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर निकाल लावू नका, दोन-तीन टाक्या जाऊ द्या. डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा मी बघतही नाही.

किलोमीटर तरी खरे आहेत का? आधीच्या मालकाने मोठी चाकं बसवली असतील आणि टायरचा व्यास ४ टक्के वाढला असेल, तर ओडोमीटर ४०० दाखवतो तेव्हा गाडी ४१६ किलोमीटर धावलेली असते. म्हणजे अ‍ॅव्हरेज पडलंच नाही, मोजणी चुकली. जीपीएसवर ताडून बघा.

मग गाडी अडतेय का ते बघा. सपाट रस्त्यावर न्यूट्रलला सोडल्यावर ती मोकळी गेली पाहिजे. ब्रेक फारसा न वापरता फेरी मारा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, चिकटवू नका. डावं-उजवं यांत एक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. लगेच कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) मागवू नका. गाडी जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, चाक घट्ट असतानाच ब्लीडिंग निपल (ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा कॅलिपरवरचा छोटा स्क्रू) किंचित उघडा. चाक मोकळं झालं तर प्रेशर वर अडकत होतं, आणि जुन्या गाडीत बहुतेकदा रबरी होज आतून फुगलेला निघतो. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं, तर पिस्टन किंवा स्लाइड पिन जाम आहेत. हवा कमी असलेले टायर आणि बिघडलेली अलाइनमेंट याच वर्गातली, पण ती पाच मिनिटांत कळतात.

आता इंजिन. माझं ठाम मत आहे की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, क्वचितच चुकतो, त्याला चुकीची माहिती मिळते. म्हणून पहिला प्रश्न असा: इंजिन गरम झालंय हे ईसीयूला माहीत आहे का? डॅशवरच्या काट्यावर जाऊ नका, बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा. साधारण ८५ ते ९५ अंशांवर ते स्थिरावलं पाहिजे. ट्रॅफिकमध्ये ठीक आणि मोकळ्या रस्त्यावर ७०च्या खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय. अशा वेळी ईसीयू गाडी थंड समजून जादा पेट्रोल देत राहू शकतो.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी, स्टार्ट न करता, कूलंट आणि आत येणारी हवा हे दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. कूलंट बराच थंड दाखवत असेल तर सेन्सरचा कनेक्टर काढून बघा. हा सेन्सर जितका थंड तितका त्याचा रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे पिनवर हिरवी बुरशी धरली की गरम इंजिनही ईसीयूला थंड वाटतं. स्कॅनर लागत नसेल तर मल्टिमीटर आहेच: बऱ्याच गाड्यांत २० अंशांना २ ते ३ हजार ओहम आणि ८० अंशांना ३००च्या आसपास. नेमके आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

यानंतर फ्युएल ट्रिम. १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे गणित राखण्यासाठी ईसीयू किती दुरुस्ती करतोय, ते यात दिसतं. उणे-अधिक ५ टक्के चालतं, १०च्या पुढे गेलं की शोधायला लागा. मोठं उणे म्हणजे कुठून तरी जादा पेट्रोल येतंय. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर पेट्रोलच्या प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम होज काढा. आत पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर डायफ्रॅम फाटलाय. होज तुटलेला किंवा बंद असेल तर आयडलिंगला प्रेशर अर्धा बार उतरायला हवं ते उतरतच नाही. गळका इंजेक्टर आणि उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्हही (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) बघा. डिपस्टिकचा वास घ्या: ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं असेल तर कळतं.

ट्रिम मोठं अधिक (+) दाखवत असेल तर ते जास्त फसवं. एक्झॉस्टमधल्या ओटू (ऑक्सिजन) सेन्सरला फक्त उरलेला ऑक्सिजन कळतो, पेट्रोल कळत नाही. एक सिलिंडर मिस मारत असेल, तर न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन बघून तो ‘पेट्रोल कमी’ म्हणतो आणि ईसीयू आणखी ओततो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तरी हेच होतं. म्हणून आधी प्लग, कॉइल आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा, ओटू सेन्सर सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. आयडलिंगला ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमला उतरत असेल तर व्हॅक्यूम गळतोय. लोड आल्यावर वाढत असेल तर पंप, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा). तेल लावलेले स्पोर्ट्स फिल्टर या सेन्सरला मळवू शकतात, मला ते पटत नाहीत.

एअरफ्लो सेन्सर असलेल्या टर्बो गाडीत इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज जरूर तपासा. बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र पूर्ण मापाने पडतं आणि मागे काळा धूर दिसतो.

आधीच्या मालकाला विचारा: ईसीयूची चिप बदललीय का, मोठे इंजेक्टर आहेत का? तसं असेल तर वर दिलेले आकडे लागू पडतीलच असं नाही, आणि वाइडबँड सेन्सर लावून मिश्रण मोजल्याशिवाय अंदाज बांधू नका. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर नॉक सेन्सरच्या (इंजिनातली ठकठक पकडणाऱ्या) इशाऱ्यावर ईसीयू स्पार्कचं टायमिंग मागे ओढतो, तिथेही अ‍ॅव्हरेज जातं.

हे सगळं ठीक निघालं आणि वरच्या आरपीएमला गाडी गुदमरत असेल, तर व्हॅक्यूम गेज लावून २५०० आरपीएमवर धरा. काटा हळूहळू खाली सरकत राहिला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) चोक झालाय. नवा बसवण्याआधी जुना कशाने वितळला ते शोधा. मिस मारणं किंवा जादा पेट्रोल तसंच राहिलं, तर नवाही त्याच वाटेने जाईल.