मधाचा केक करायचाय? आदल्या रात्रीची तयारी

रविवारी केक करायचा तर शनिवारी संध्याकाळीच मधाच्या बाटलीवरचं वजन वाचा. मध विकत मिळतो ग्रॅमवर आणि कृतीत लिहिलेला असतो कपात. घोळ तिथेच होतो. 240 मिलीच्या कपात पाणी 240 ग्रॅम मावतं, मध मात्र साधारण 340. म्हणजे 250 ग्रॅमची अख्खी बाटली ओतली तरी जेमतेम पाऊण कप भरतो. मला हे रात्री साडेदहाला कळलं, दादरची दुकानं शटर ओढत असताना.

मग काटा. सेल आहेत ना बघा आणि तो ओट्यावर सपाट जागी ठेवा. भांडं ठेवून शून्य करायचं बटण चालतं की नाही, हेही आत्ताच पाहा.

आता कप. कृती कुठली आहे ते बघा, कारण 250 मिलीचा कप धरला असेल तर मध 355 ग्रॅम लागेल. वाटीने मोजणाऱ्यांनी एकदाच कष्ट घ्यावेत: रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, आकड्याला 1.42 ने गुणा. आमची आमटीची वाटी 150 ग्रॅम पाण्याची, म्हणजे 213 ग्रॅम मधाची. तोंडी करायचं तर पाण्याच्या आकड्यात त्याचेच दोन पंचमांश मिळवा. 210 येतात, आणि तीन ग्रॅमनी कुठलाही केक बसत नाही. आकडा कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. हाच गुणक तुपाला लावू नका, तूप पाण्याहून हलकं असतं.

चमच्यांचं सोपं आहे: 15 मिलीचा मोठा चमचा 21 ग्रॅम, 5 मिलीचा छोटा 7. ऑस्ट्रेलियन कृतीतला मोठा चमचा मात्र 20 मिलीचा, म्हणजे 28 ग्रॅम. पोह्यांचा चमचा यात धरू नका, प्रत्येक घरात तो वेगळा.

मध साखरेसारखा रवाळ झाला असेल तर बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवा. रवाळ मध कपात नीट बसत नाही, मध्ये पोकळ्या राहतात आणि माप चुकतं. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं असेल तर मुंबईची दमट हवा मध शोषून घेतो आणि पातळ होतो. आंबूस वास आला तर तो वापरूच नका. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आजीला आधीच सांगून ठेवा, बोटभरही चाटवायचा नाही.

सकाळी कप काढूच नका. केकचंच भांडं काट्यावर ठेवून थेट ओता आणि आठ-दहा ग्रॅम आधीच बाटली सरळ करा. उरलेलं ती तार पडत राहूनच भरून काढते.