वहाळावर वनराई बंधारा: वाडी आणि ग्रामपंचायतीने मिळून कसा घालावा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल उजाडला की वाडीवाडीत बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात. जांभ्याची जमीन आणि अंगावर येणारा उतार, त्यामुळे पाणी चार महिने धो धो वाहते आणि समुद्राला मिळते. दिवाळीनंतर वहाळाला, म्हणजे ओढ्याला, बारीक धार उरते. तेवढीच आपल्या हाती असते. ती अडवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती-वाळू भरून एका हंगामापुरता घातलेला हा बांध. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेने त्याचा प्रसार केला, नावही तिथूनच आले.

बांध घालणे हे एका रविवारचे काम आहे. खरी मेहनत त्याआधीच्या दोन महिन्यांत आणि नंतरच्या सहा महिन्यांत असते, आणि तिथे ग्रामपंचायतीशिवाय चालत नाही. हे आम्ही फटका खाऊन शिकलो. पहिल्या वर्षी वाडीतल्या आम्ही पंधराजणांनी कुणालाही न विचारता ऑक्टोबरातच बांध घातला. दोन दिवसांत पाणी तुंबले आणि शेजारच्या कोपऱ्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, शिरले. तिथे भात अजून उभे होते. शेतमालकाने रात्री येऊन मधल्या पिशव्या ओढून काढल्या. त्याचे काही चुकले नव्हते. पुढच्या वर्षी आम्ही हाच विषय ग्रामसभेत नेला. तेव्हापासून कुणी पिशवीला हात लावलेला नाही.

जागा आधी शोधा, आणि जाणत्या माणसाला बरोबर न्या

गणपतीच्या आगेमागे वहाळ भरून वाहत असतो, तेव्हाच त्याच्या काठाने वरपर्यंत एकदा चालून या. जागा अशी हवी की पात्र अरुंद आहे, दोन्ही काठ उंच आणि घट्ट आहेत, वरच्या अंगाला पात्र पसरट आणि उतार कमी आहे. अशा ठिकाणी छोट्या बांधात भरपूर पाणी मावते. काठ बसके असतील तर पाणी शेतात जाणार. तळाला भेगाळलेला कातळ असेल तर पाणी खालून निघून जाणार. आणि गावाची विहीर बांधाच्या खालच्या अंगाला, जवळपास असावी, म्हणजे मुरलेले पाणी तिच्यापर्यंत पोचते.

आमची जागा एका आजोबांनी दाखवली. गुरे चारून चारून त्यांना वहाळाचा वीतवीत पाठ होता. एका वळणावर काठी टेकून ते म्हणाले, “हयसर पाणी शिमग्यापर्यंत ऱ्हवता.” (इथे पाणी शिमग्यापर्यंत टिकते.) कुणाच्याही नकाशापेक्षा मला ही माहिती मोलाची वाटते, कारण जिथे पाणी आपणहून रेंगाळते तिथे अडवायला सोपे जाते.

किती पाणी मिळेल याचा अंदाज तिथेच काढता येतो. पात्राची रुंदी 6 मीटर, बांधाजवळची खोली 1 मीटर आणि पाणी मागे 60 मीटरपर्यंत पसरणार असे धरा. मागे जाताना खोली कमी होत शून्यावर येते, म्हणून तिन्हींचा गुणाकार करून निम्मा करायचा. 180 घनमीटर, म्हणजे 1,80,000 लिटर एका वेळी उभे. शिवाय वरून धार येत राहते आणि खाली मुरत राहते, ते वेगळेच. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, ग्रामसभेत कामाला येतो.

विषय ग्रामसभेत कसा न्यायचा

73व्या घटनादुरुस्तीनंतर अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याचे 29 विषय आले. लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास त्यातच आहेत. तेव्हा वहाळ अडवा म्हणून पंचायतीकडे जाताना याचक म्हणून जायचे कारण नाही, हे पंचायतीचेच काम आहे. ग्रामसभा साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. 15 ऑगस्टच्या सभेत विषय मांडा आणि 2 ऑक्टोबरच्या सभेत तारखेसह ठराव करून घ्या. सभेच्या आठ-दहा दिवस आधी सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांच्या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी आहे) यांच्या नावे साधा अर्ज देऊन पोच घ्या, म्हणजे विषय विषयपत्रिकेवर येतो. ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकललेले काम सभा उठेपर्यंत निम्मे विसरले जाते.

गणसंख्येकडे लक्ष असू द्या. मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल तेवढी माणसे लागतात. आमच्याकडे भातकापणी तोंडावर असल्याने माणसे जमत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी घरोघर सांगत फिरावे लागते. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे विषय पहिल्यांदा काढा असे मी आग्रहाने सांगेन. पाण्याला कोण जाते? त्याच बायका. आमच्या महिला सभेत एका काकूंनी मार्चपासून रोज किती खेपा होतात ते बोटांवर मोजून दाखवले. त्यानंतर ग्रामसभेत कुणी हरकतीचा एक शब्द काढला नाही.

ठराव मोघम नको. ‘बंधारा बांधण्यात यावा’ एवढ्यावर थांबू नका. त्यात वहाळाचे नाव, जागा आणि लगतचे गट क्रमांक लिहा. लगतच्या शेतकऱ्यांची संमती सहीनिशी जोडा. नैसर्गिक नाले-ओढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 प्रमाणे सरकारच्या मालकीचे असले, तरी पाणी तुंबते ते शेजाऱ्याच्या बांधाला, म्हणून त्याचा होकार हवाच. वनहद्द लागत असेल तर वनपालांना आधी भेटा. साहित्य कुणी आणायचे, श्रमदान कोणत्या वाडीने करायचे, अडलेले पाणी कशासाठी वापरायचे आणि मेअखेर बांध कुणी काढायचा, हेही ठरावात घाला. शेवटचा मुद्दा बहुतेक ठिकाणी राहून जातो.

आणखी एक. बांधाच्या खाली जी वाडी किंवा गाव आहे, तिथल्या दोन-तीन माणसांना सभेला बोलवा किंवा तुम्ही त्यांच्याकडे जा. त्यांच्या गुरांचे पाणी तोडून आपली विहीर भरायची नाही. बांध भरला की पाणी वरून वाहू लागते, तो भरेपर्यंतच धार थांबते. हे आधी सांगितले तर माणसे समजून घेतात, मागाहून सांगितले तर भांडण होते.

ठरावाची प्रत घेऊन कृषी सहायकांना (आता त्यांच्या पदाचे नाव सहायक कृषी अधिकारी आहे) आणि पंचायत समितीला भेटा. जिल्हा परिषद आणि कृषी विभाग दरवर्षी अशा कच्च्या बंधाऱ्यांची मोहीम घेतात, त्यामुळे तांत्रिक सल्ला बहुधा मिळतो आणि तुमच्या बांधाची नोंदही होते.

पिशव्या

6 मीटर लांब आणि 3 ते 4 फूट उंच बांधाला साधारण 200 ते 250 पिशव्या लागतात. घरबांधणी चालू असेल तिथून, ठेकेदारांकडून, पंचायतीच्या स्वतःच्या कामांवरून त्या ऑगस्टपासून गोळा करा आणि पंचायतीच्या पडवीत एकाच ठिकाणी ठेवा. फाटक्या असतील तर एकीत एक घाला. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना सांगून ठेवले की तेही सुतळीचे बंडल आणि दाभण आठवणीने पाठवतात.

बांधायचा दिवस

घाई करू नका. परतीचा पाऊस पूर्ण ओसरू द्या आणि भात घरात येऊ द्या. आमच्याकडे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास दिवस ठरतो. 25-30 माणसे असली तर सकाळी आठला सुरू केलेले काम दुपारी जेवणापर्यंत आटोपते. फावडी, कुदळी, पहार, घमेली घरोघरची. पंचायत चहा-नाश्ता, धुमस (माती ठोकायचे अवजार) आणि प्रथमोपचाराची पेटी बघते.

सुरुवात पाला-पाचोळा आणि सुटे धोंडे काढण्यापासून. हात घालण्यापूर्वी फावड्याने पाला उलटा. कोकणात अशा जागी फुरसे हा विषारी साप हमखास सापडतो आणि तो पाचोळ्यात दिसत नाही. सर्वांच्या पायात बूट हवेत. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

मग पाया. पात्राच्या आडवा, घट्ट थर लागेपर्यंत फूटभर चर खणा आणि तो दोन्ही काठांत दीड-दोन फूट आत न्या. काठात आत न गेलेला बांध बगलेतून फुटतो. भरायची माती-वाळू बांधाच्या वरच्या अंगाच्या पात्रातून घ्या, म्हणजे तेवढीच खोली वाढते. काठ मात्र कोरू नका. पिशवी दोन-तृतीयांशच भरायची. गच्च भरलेली पिशवी गोल होते, नीट बसत नाही आणि दोन पिशव्यांमधल्या फटीतून पाणी जाते. तोंड सुतळीने शिवून पिशवी आडवी ठेवा आणि पायाने तुडवून चपटी करा.

पिशव्यांच्या दोन समांतर भिंती घाला, मध्ये फूट-दीड फूट अंतर ठेवून. वीटकामात करतात तशी सांधेमोड हवी, खालच्या दोन पिशव्यांच्या सांध्यावर वरच्या पिशवीचे पोट यावे. प्रत्येक थर झाला की मधल्या पोकळीत चिकणमाती टाका, थोडे पाणी शिंपडा आणि धुमसाने ठोका. पाणी खरे अडवते ती ही चिकणमाती, पिशव्या तिला आधार देतात. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी घाईत नुसत्या पिशव्याच रचल्या गेल्या. संध्याकाळी फोटो छान आले, पण सकाळी जाऊन पाहिले तर बांधाच्या वर आणि खाली पाण्याची पातळी जवळजवळ सारखीच. तेव्हा चिकणमाती कमी पडत असेल तर काम थांबवा, तळ्याकाठून किंवा शेताच्या बांधावरून आणा आणि मगच पुढचा थर घ्या.

उंची 4 फुटांपेक्षा जास्त नेऊ नका. वर येताना रुंदी कमी करत या आणि मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा अर्धा फूट खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी मधूनच वाहते. ते जिथे पडते तिथे चपटे दगड पसरा, नाहीतर पाणी बांधाचा पायाच खणून काढते.

पाणी अडल्यावर

पहिले पंधरा दिवस कुणीतरी रोज फेरी मारावी. आम्ही शाळेतल्या सातवीच्या मुलांना वाटून दिले आहे. शाळेत जातायेता ती पाहतात आणि गळती दिसली की सांगतात. मूठभर माती लगेच घातली की भागते, आठवड्याने गेलात तर पुन्हा माणसे जमवावी लागतात.

विहिरीची पातळी मोजायला विसरू नका. सुतळीला वीतभर अंतराने गाठी मारा, टोकाला दगड बांधा आणि दर रविवारी रहाटाच्या त्याच खुणेवरून सोडा. किती गाठी कोरड्या राहिल्या ते पंचायतीच्या वहीत तारखेसह लिहा. अशी दोन-तीन वर्षांची वही हातात असली की ग्रामपंचायत विकास आराखड्यात पक्का बंधारा किंवा गाळ काढण्याचे काम मागताना आपल्या बोलण्याला वजन येते.

वापराचा नियम कडक हवा. कुळीथ, पावटा, माठ-मुळ्याचे वाफे यांना कळशीने पाणी घालावे, पण थेट वहाळात मोटर सोडायला आमच्या ठरावाने मनाई आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाल्यापासून त्या गावाने श्रमदानाबरोबर बोअरवेलबंदीसारखे नियमही पाळले. तिथला पाऊस आपल्या पावसाच्या तुलनेत अगदी थोडा आहे, हे कोकणातल्या वाचकांनी जरूर लक्षात घ्यावे.

डासांच्या भीतीने कुणी गप्पी मासे सोडायला सांगेल. ते हौदा-टाक्यांत ठीक आहेत, वहाळात सोडू नयेत. ते बाहेरून आलेले मासे आहेत आणि आपल्या ओढ्यांतल्या मळव्या-खवल्यांच्या पिलांना त्यांचा त्रास होतो. मधून पाणी वाहते राहिले आणि काठचा पाला काढत राहिलो की डास आटोक्यात राहतात.

मेच्या शेवटच्या आठवड्यात

ज्या उत्साहाने बांध घातला, त्याच उत्साहाने तो काढायचा. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात तो तसाही फुटणार, आणि उन्हाने भुगा झालेल्या पिशव्या खाडीत, तिथून समुद्रात जाणार. पाण्यासाठी काम करून आपणच पाण्यात प्लास्टिक सोडायचे, हे मला सहन होत नाही. मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, तेव्हाच एक सकाळ ठरवा. पिशव्यांची शिवण कापून माती काठाला टाका, दगड बाजूला रचून ठेवा, ते पुढच्या वर्षी लागतील. धड पिशव्या धुऊन वाळवा आणि पंचायतीत जमा करा. फाटक्या एकत्र बांधून सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्या. बांध घालताना किती पिशव्या लागल्या ते वहीत लिहिलेले असते. काढतानाही मोजा, आणि आकडा जुळेपर्यंत कुणी घरी जाऊ नका.