औषधाचा पक्ष्माभिकांवरील परिणाम सॅकरिन चाचणीने कसा पाहावा

श्वसनमार्गाच्या अस्तरावरील पक्ष्माभिका, म्हणजे पेशींवरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू, सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलून कफाचा थर घशाकडे ढकलत असतात. एखाद्या औषधाने हे काम मंदावते की वेग घेते, हे पाहण्यास नाक सोयीचे, कारण तेथील अस्तर श्वासनलिकेच्या अस्तरासारखेच असते. चाचणी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या हातूनच व्हावी.

सर्दी असल्यास चाचणी पुढे ढकलावी. व्यक्तीला काही वेळ शांत बसवून, सुमारे १ मिलिमीटर आकाराचा सॅकरिनचा (एक कृत्रिम गोड पदार्थ) कण खालच्या टर्बिनेटच्या (नाकपुडीच्या आतील भिंतीवरील हाडाचा उंचवटा) पुढच्या टोकापासून साधारण १ सेंटिमीटर आत ठेवावा. अगदी टोकाशी पक्ष्माभिका नसतात, त्यामुळे तेथे ठेवलेला कण जागचा हलत नाही आणि निरोगी माणूसही आजारी ठरतो. डोके किंचित पुढे झुकलेले असावे, नाक ओढू वा शिंकरू नये, खाऊ-पिऊ नये आणि दर मिनिटाला एकदा आवंढा गिळावा. कोणती चव येणार हे आधी सांगू नये. सॅकरिन कफासोबत घशाकडे वाहून जाऊन ती जाणवेपर्यंतचा वेळ निरोगी माणसात बहुधा २० मिनिटांच्या आत असतो. तासाभरातही चव न आल्यास सॅकरिन जिभेवर ठेवून पाहावे, कारण दोष कदाचित चवीच्या जाणिवेत असेल.

औषधापूर्वीची आणि औषधानंतरची नोंद त्याच व्यक्तीच्या त्याच नाकपुडीत घ्यावी. कण ठेवणे सोपे जावे म्हणून लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारण्याचा मोह टाळावा, कारण ते स्वतःच पक्ष्माभिकांना मंद करते.

खरी कसोटी अर्थ लावण्यात आहे. दम्यावरचे साल्ब्युटामॉल पेशीतील सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढवून पक्ष्माभिकांची गती वाढवते. ॲसिटिलकोलीन या चेतासंदेशकाला अडवणाऱ्या ॲट्रोपिनने कफाचे वहन मंदावते, पण त्याच वर्गातील इप्राट्रोपियम नेहमीच्या मात्रेत तसे फारसे करत नाही. नाकाच्या फवाऱ्यांतील बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक प्रयोगशाळेतील पेशींवर हालचाल थांबवू शकते, मात्र प्रत्यक्ष नाकात परिणाम तितका ठळक दिसत नाही. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरून घडवलेले ब्रोमहेक्झिन मुख्यतः कफ पातळ करते. म्हणून वेळ कमी भरला, तरी पक्ष्माभिका जोराने हलू लागल्या असे नोंदवहीत लिहू नये. ‘वहन वाढले’ एवढेच लिहावे. गतीच मोजायची असेल, तर नाकातून ब्रशने काढलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जलदगती कॅमेऱ्याने टिपाव्या लागतात.