कॉमिक्सचं दुकान बंद करताय? रद्दीवाल्याला नंतर बोलवा
संभाजीनगरच्या गुलमंडीतलं असो की लातूरच्या गंजगोलाईजवळचं, भाड्यानं कॉमिक्स देणाऱ्या जुन्या दुकानाचं खरं नुकसान शेवटच्या आठवड्यात होतं. जागा खाली करायची घाई असते आणि सगळा माल किलोवर जातो. म्हणून दोन महिने आधी लागा, अन् जमलं तर मार्च-एप्रिलमध्येच. पुढं पोरांना सुट्ट्या लागतात, गिऱ्हाईक मिळतं. मृग लागला की कागद ओल धरतो आणि बांधलेल्या गठ्ठ्यात बुरशी चढते.

सुरुवात वहीपासून. कुणाचं डिपॉझिट किती, कुणाकडं कोणते अंक, याची यादी काढा. दारावर अंक परत करायची शेवटची तारीख लावा आणि ती लावली त्या दिवसापासून नवीन अंक देणं थांबवा. नाहीतर हिशोब मिटतच नाही.

मग छाटणी. मराठी इंद्रजाल (ही मालिका १९६४ ते १९९० चालली) आणि जुने चांदोबा आधी बाजूला काढा. संग्राहक विचारतात ते हेच. अमर चित्रकथेचं पुनर्मुद्रण वारंवार झालंय, तेव्हा नुसतं नाव बघून भाव सांगू नका. छापलेली किंमत बघा, त्यावरून छपाई जुनी की नवी याचा अंदाज येतो.

प्रत्येक अंक मधोमध उघडा. गंजलेल्या पिनांतून मधलं जोडपान सुटलेलं असतं, ते बाहेरून कळत नाही. आतली पानं मोजा (दोन्ही बाजू मिळून एक पान): विषम भरली तर अर्धा ताव फाटून गेलाय. सम भरली तरी पृष्ठक्रमांक तपासा, कारण अख्खा ताव गेला तर संख्या समच राहते.

गंजलेली पीन ओढू नका, कागद फाटतो. मधल्या पानावर तिची टोकं बोथट सुरीनं उभी करा, मग पाठीकडून काढा. त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. सेलोटेप अजिबात नको. त्याचा डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो. दुकानाचा शिक्काही खरवडू नका. पाच-सहा अंक एकत्र शिवून पुठ्ठा घातलेले खंड तसेच विका, उसवले तर पाठी फाटतात.

कसर दिसली तर अंक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. उन्हात वाळवणं तर नकोच.

उरलेला माल घरी नेणार असाल तर पत्र्याच्या खोलीत टाकू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तिथं कागद पापडासारखा ठिसूळ होतो. खोकी भिंतीपासून वीतभर लांब, लोखंडी मांडणीवर ठेवा. जमिनीवर ठेवलीत की वाळवी खालून शिरते आणि वरचा थर शाबूत दिसत राहतो. शाळेला किंवा वाचनालयाला द्यायचे असतील तर आधी विचारा, फाटके अंक कुणालाच नको असतात.

कागदपत्रांचं काम थोडं आहे. दुकान बंद झाल्याचं गुमास्ता (दुकान नोंदणी) कार्यालयाला कळवा. महावितरणकडं कायमचा वीजपुरवठा बंद करायचा अर्ज देऊन सुरक्षा ठेव मागा. जीएसटी नंबर असेल तर तो रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० म्हणजे शेवटचं विवरणपत्र भरा.