कोकण किनाऱ्यावरच्या घराण्याचा माग जुन्या नकाशांवरून कसा काढावा

नकाशात माणसाचं नाव नसतं. त्यात गावाची शीव, वाडी आणि सर्व्हे नंबर असतो. नाव त्या नंबराच्या कागदात असतं. हा क्रम सोडून नुसतं आडनाव घेऊन दफ्तरात शिरलं की महिने फुकट जातात. एकाच गावात एका आडनावाची पंधरा-वीस घरं निघतात, आणि मागे गेलं की आडनावाच्या जागी नुसतं जातीचं नाव, ‘खारवी’ किंवा ‘भंडारी’, लिहिलेलं दिसतं.

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून वाडीचं नाव, ग्रामदेवता, पाणी भरायची विहीर आणि शेजारची घरं एवढं लिहून घ्या. ‘-कर’ आडनावावर फार विसंबू नका. दाभोळकर हे नाव सहसा दाभोळ सोडून गेलेल्या घराला चिकटतं; खुद्द दाभोळच्या जुन्या कागदात तेच घर भलत्याच नावाने नोंदलेलं असू शकतं.

मग गाव पूर्वी कुठल्या तालुक्यात होतं ते पाहा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, त्याआधीचं मालवण-देवगड रत्नागिरीत शोधायचं. रायगड तेव्हा कुलाबा होता. गुहागर चिपळूणचा पेटा (तालुक्याचा पोटविभाग) होता आणि मंडणगड दापोलीचा, त्यामुळे गुहागरचा कागद चिपळूणच्या गठ्ठ्यात सापडला तर चक्रावू नका. इंग्रजी नकाशांत स्पेलिंगची आणखी गंमत: विजयदुर्गचं ‘घेरिया’, सुवर्णदुर्गचं ‘सेव्हर्नड्रूग’, वेंगुर्ल्याचं ‘विंगोर्ला’, रत्नागिरीचं ‘रत्नाघेरी’. नाव जुळलं नाही तर खाडी आणि किल्ल्यावरून जागा ठरवा.

वाडी पक्की करायला भारतीय सर्वेक्षण विभागाचा एक इंचाला एक मैल या प्रमाणाचा नकाशा घ्या. एक पान रेखांशाची पंधरा मिनिटं रुंद आणि अक्षांशाची पंधरा मिनिटं उंच असतं, आणि त्याला क्रमांक असतो; हर्णै ‘४७ जी/१’ वर, गुहागर ‘४७ जी/३’ वर. त्यात देवळं, बंदर, तरी (होडीने खाडी ओलांडायच्या जागा) आणि खाडीचे बांध दिसतात, पण शेतं दिसत नाहीत. शेतासाठी गाव नकाशा लागतो. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. नकलेच्या अर्जात ‘जुना, मूळ मोजणीचा’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर हातात अलीकडची दुरुस्त प्रत पडते.

जुन्या गाव नकाशाचं प्रमाण बहुधा एक इंचाला २० साखळ्या असतं. इथली साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. एक चौरस साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, बरोबर एक गुंठा. म्हणजे नकाशावरचा एक चौरस इंच ४०० गुंठे, म्हणजे १० एकर. झेरॉक्सवर मात्र हा हिशेब करू नका. कागद आवळतो आणि यंत्रही प्रमाण बदलतं, म्हणून आधी प्रमाणपट्टी फूटपट्टीने मोजा.

नकाशावरचा नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावरचा नंबर एकच समजणं ही नेहमीची चूक. सातबाऱ्यावर ‘गट नंबर’ असेल तर गावात एकत्रीकरण (जमिनीचे तुकडे जोडून नवे गट पाडणं) झालं आहे; मग जुना सर्व्हे आणि नवा गट यांचा मेळ दाखवणारं ९(३), ९(४) चं पत्रक मागा. गट नसेल तर हिस्सा नंबर पाहा. ४२/३ चा तुकडा कसा पडला ते फाळणी नकाशात दिसतं, आणि बरेचदा ती फाळणी म्हणजे भावांची वाटणीच असते.

आता कागद. सातबाऱ्यावरच्या फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) क्रमांकाचा धागा धरून एकेक फेरफार मागे चला, मधला एकही गाळू नका. वारसाच्या नोंदीत मृत्यूची तारीख आणि मुलांची नावं मिळतात. ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) दिसलं की थांबा: तिथे एकत्र कुटुंबाचा कर्ताच लिहिलेला असतो, धाकटे भाऊ दडलेले असतात. खोती गावात, म्हणजे जिथला सारा खोत वसूल करायचा तिथे, त्याच्याही मागे जायला १८८० च्या खोती कायद्यानंतरची बोटखतं (जमीन कसणाऱ्यांच्या हक्कांच्या नोंदी) उपयोगी. बरेच जुने कागद मोडीत असतात. ‘राघो बिन सोमा’ म्हणजे सोमाचा मुलगा राघो, ‘भागी कोम राघो’ म्हणजे राघोची बायको भागी. मोडी येत नसेल तरी ‘बिन’ आणि ‘कोम’ ही दोन अक्षरचित्रं ओळखायला शिका. पिढी मोजायला ती फार कामाची.

खारवी, गाबीत, दालदी अशा मासेमारी घरांची अडचण वेगळी. त्यांच्या नावे बहुधा जमीनच नसायची; घर गावठाणात किंवा खोताच्या जागेत. अशा वेळी वाडीला लागून असलेले नंबर काढा आणि त्यांची जुनी खरेदीखतं, गहाणखतं वाचा. चतुःसीमेत ‘पश्चिमेस अमक्या खारव्याचे घर’ अशी ओळ असली की बिनजमिनीचा माणूस तारखेसकट हाती लागतो.

नकाशे एकमेकांवर बसवायचे तर क्यूजीआयएस हे संगणकावरचं मोफत नकाशा-सॉफ्टवेअर पुरतं. निदान सहा खुणा घ्या: देऊळ, दगडी विहीर, किल्ल्याचा बुरूज, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड. किनारा आणि खाडीचं तोंड खूण म्हणून कधीही घेऊ नका, वाळूचा दांडा सरकतो. जुन्या पानावरचे अक्षांश-रेखांशही जीपीएसमध्ये जसेच्या तसे टाकू नका; ते पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या, एव्हरेस्टच्या मापनावर आहेत, जीपीएसचं मापन वेगळं, म्हणून जागा चुकते. आज जिथे भातशेती दिसते तिथे जुन्या नकाशात कोरं खाजण (भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी जमीन) असेल तर बांध नंतर पडला, आणि ‘आमची पिढीजात शेती’ असं घरात सांगतात ती निदान त्या तुकड्यात तरी त्या मोजणीच्या आधीची नव्हे.

शेवटी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीशी, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं त्यांनी लिहून ठेवलेली असतात त्या वहीशी, ताडून पाहा. ती गाव आणि आडनावावरून निघते, म्हणून मूळ गाव नकाशावर ठरल्यावरच जा. वही आणि फेरफार जुळले नाहीत तर दोन्ही नावं वंशावळीत पेन्सिलीने ठेवा, आणि प्रत्येक नकलेच्या पाठीवर कार्यालय, गाव, नंबर आणि अर्जाची तारीख तिथेच लिहा.